आता कोण?

१

सीडी मशीनमध्ये सरकवून मर्झियानं खुर्ची पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढून ती ऐकायला बसली. मशीन थोडं घरघरलं. मग त्यातून दोनतारी दंबुऱ्याची तार खणखणली, चारपाच जणांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि घोगऱ्या आवाजाचा एक गवई कुणा काळ्या डोळ्यांच्या पोरीला ‘डोंगर उतरून ये’ म्हणून विनवायला लागला.

मर्झियानं सीडी बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली, पुन्हा आत घातली. गवई पुन्हा पहिल्यापासून विनवायला लागला.

त्या सीडीवर कंबर अलीची सुनावणी असायला हवी होती. आश्रयाचा व्हिसा मागायला तो ट्रिब्युनलसमोर काय बोलला आणि दुभाष्यानं त्याचं इंग्रजीत काय केलं, ते त्यात होतं. ट्रिब्युनलनं त्याला खोटं पाडून नकार दिला होता. त्या नकाराविरुद्ध मर्झिया कोर्टात उभी राहणार होती, येत्या बुधवारी, आणि तिच्या हातात या सीडीशिवाय दुसरं काही नव्हतं. बुधवारी हरलो तर कंबर अलीला विमानात बसवणार आणि जिथून तो जीव घेऊन पळाला तिथंच नेऊन सोडणार.

दारात बादली वाजली. इमारतीची साफसफाई एवज करायचा. एवज म्हणजे कंबरचा धाकटा भाऊ. भावाच्या आधी या देशात आला, लवकर नागरिक झाला, आणि शहराच्या डँडेनाँग उपनगरात ज्याला त्याला हसवत फिरायचा.

“खानम वकील, लग्न कुणाचं? आम्हाला आवताण नाही?”

“एवज, थट्टा नको. गाणं नको होतं इथं. इथं तुझा भाऊ बोलायला हवा होता.”

एवजनं बादली खाली ठेवली. कान देऊन ऐकलं, आणि त्याचे डोळे मोठे झाले. “अहो, हे तर माझं गाणं! माझ्या गाडीतली सीडी आहे ही. थांबा, पुढच्या कडव्याला अडकते बघा.”

गवई ‘उतरून ये, उतरून ये, उतरून ये’ करत अडकला.

“ही इथं कशी आली?” एवजनं विचारलं.

मर्झियाला नेमकं हेच त्याला विचारायचं होतं.

२

सीडी त्याच दिवशी टपालानं आली होती. सोबत सुनावणीचा टाइप केलेला इंग्रजी मजकूर होता. मर्झियानं मजकूर चाळला, सीडी पाकिटातच राहू दिली आणि दोन्ही टेबलाच्या खणात ठेवली. खणाला कुलूप नव्हतं. तिच्या कचेरीत चोरण्यासारखं काही असतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

मजकुरावरून तिचं समाधान होणार नव्हतं, कारण त्यात फक्त इंग्रजी उतरवलेलं असतं. कंबर जे हजारगीत, अफगाणिस्तानातल्या हजारा लोकांच्या बोलीत, बोलला त्या जागी नुसतं दुभाष्याचं वाक्य. आणि हजारगी मर्झियाला अर्धीमुर्धीच यायची. ती स्वतः हजाराच, पण मशहदमध्ये वाढलेली. तिथली इराणी पोरं डोंगरातल्या बोलीची टर उडवायची, म्हणून आईनं घरात ती बोली बंदच केली होती. मर्झियाची फारसी अगदी धुतल्यासारखी इराणी. ती हजारगी बोलायला गेली की बाजारातल्या बायका पदराआड हसायच्या.

ट्रिब्युनलच्या निकालातला कळीचा परिच्छेद तिला तोंडपाठ झाला होता. ‘अर्जदाराचं म्हणणं की जाघोरीहून गझनीला जाताना हत्यारबंद लोकांनी त्याच्या वडिलांना गाडीतून उतरवून नेलं. सुनावणीत मात्र त्यानं सांगितलं की उतरवलेला माणूस आता नावाचा कुणी म्हातारा होता आणि तो त्याचा कुणी लागत नव्हता. वडिलांच्या अपहरणाची हकीकत बनावट आहे.’

आपल्या कानाला हे नाव घड्याळातलं वाटतं. पण इराणात आणि अफगाणिस्तानात अता, आता हे पुरुषाचं नाव असतं, देवाची देणगी अशा अर्थाचं. मर्झियाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मागे तिनं कंबरला विचारलं होतं, “गाडीतला तो आता कोण होता?” तेव्हा कंबरचा चेहरा पांढराफटक पडला होता. “चूक झाली माझ्याकडून,” एवढंच म्हणून त्यानं मान फिरवली होती. निकालाचा कागद तो भावालाही वाचू देत नव्हता. हरल्याची लाज वाटत असेल, असं मर्झियानं धरून चाललं होतं.

त्या दुपारी कचेरीत चार माणसं येऊन गेली होती. आधी कॉलिन, कंबरचा जुना व्हिसा-एजंट, जुनी फाइल द्यायला. त्याच्या पाठोपाठ बहराम, सुनावणीतला इराणी दुभाषी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या भाषांतरावर बोट ठेवलं जातंय हे कुणाकडून तरी कळलं म्हणून तो तणतणत आला होता. आणि सह्या करायला कंबर आणि एवज. सगळ्यांसमोर मर्झियानं खण उघडून सीडी दाखवली होती आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “उद्या हजारगीच्या जाणकार बाई येणार. शब्दन्‌शब्द ऐकून लिहून देणार.”

“मीपण बसतो ऐकायला,” एवज म्हणाला होता. “लाला आतांबद्दल काय बोलला ते मला ऐकू दे तरी. घरी तर चकार शब्द काढत नाही.” तो भावाला लाला म्हणायचा. आपल्या वडिलांचा एक फोटोही तो कोटाच्या खिशातून घेऊन आला होता, पागोटं बांधलेला. “हा जजला दाखवा.”

“कोर्ट फोटो बघत नाही रे. तुझा भाऊ खरा की खोटा, हे कोर्ट ठरवतच नाही. ट्रिब्युनलनं ठरवताना कायदा मोडला का, एवढंच बघतं. दुभाष्याच्या चुकीनं माणसाचं म्हणणं पोचलंच नाही असं दिसलं, तर निकाल रद्द. मग पुन्हा सुनावणी.”

“म्हणजे जिंकलो तरी व्हिसा नाही?”

“पुन्हा बोलायची संधी.”

“भले!” एवज म्हणाला होता. “म्हणजे परीक्षेत पास झालो की बक्षीस म्हणून पुन्हा परीक्षा.”

सगळे हसले होते, बहरामसुद्धा. कंबर सोडून. मग पाहुण्यांना चहाबरोबर गरम नान हवा म्हणून मर्झिया खालच्या बेकरीत गेली. एवज गाडी हलवायला उतरला. कॉलिन फोनवर बोलत जिन्यात उभा होता. बहराम हात धुवायला गेला. कंबर गाडीतून औषधाची गोळी आणायला गेला आणि परत येऊन बसला. म्हणजे खोलीत एकटं राहायची संधी प्रत्येकाला मिळाली होती.

ती सीडी एवजच्या गाडीतली होती. मर्झियाला एवजचा संशय घ्यायचा नव्हता, तरी तो आलाच.

३

त्याच रात्री तिनं ट्रिब्युनलला दुसरी प्रत मागितली. सोमवारी मिळेल असं उत्तर आलं. सोमवारी ऐकायचं, मंगळवारी जाणकार बाईंचं शपथपत्र करायचं, बुधवारी उभं राहायचं. वेळेला वेळ भिडत होती. आणि सोमवारची प्रतही अशीच नाहीशी झाली तर? कुणीतरी माणूस, तिच्या हातचा चहा पिऊन गेलेला, कंबरला विमानात बसवायला निघाला होता. त्या विचारानं तिला झोप लागेना.

बहराम स्टेशनसमोरच्या कॅफेत भेटला. कोटाला इस्त्री, मिशीला कात्री, आणि कपाळावर आठी.

“खानम, साठी उलटली माझी. मला चोर म्हणायला तुम्ही इथवर आलात?”

“मी विचारायला आले. ती सीडी ऐकली गेली तर तुमच्या नावाला बट्टा लागेल, असं तुम्हीच काल म्हणालात.”

“म्हणालो. म्हणून चोरीन? आणि चोरून करू काय? एक मेल टाकली की ट्रिब्युनल दुसरी पाठवतं. ह्या धंद्यात माझे केस पिकले, एवढं मला कळत नसेल?”

मर्झियानं विचारलं, “सुनावणीत तुम्ही ‘आता कोण’ विचारलंत, तेव्हा तो काय म्हणाला?”

“विचारलं ट्रिब्युनलच्या मॅडमनी. मी फक्त फारसीत फिरवलं. तो म्हणाला, एक म्हातारा, माझा कुणी नाही, मी ओळखत नाही. तेच मी सांगितलं.” बहरामनं कपातला चमचा उगाच फिरवला. “रडत होता हो तो. रडणाऱ्या माणसाचं भाषांतर करून बघा एकदा. निम्मं नाकात जातं. मधे काहीतरी पुटपुटला, ते सोडलं मी. मग मॅडमनी विचारलं, वडील कुठे होते? मी विचारलं, पेदर कुठे होता? तर गप्पच. अक्षर बोलला नाही.”

“तुम्हाला हजारगी येते?”

“फारसीच ना ती? डोंगरात राहून जरा खरबरीत झालीय, एवढंच.”

मर्झियाला संताप आला, पण तो बहरामचा नव्हता. लहानपणी मशहदच्या गल्लीत तिनं हेच वाक्य ऐकलं होतं आणि मान खाली घालून खपवून घेतलं होतं.

कॉलिन त्याच्या घराच्या अंगणात गवत कापत होता. सुनावणीला तो कंबरच्या शेजारी बसला होता, आणि डुलक्या घेत होता अशी बोलवा होती.

“मर्झ, डुलकी नव्हती ती. डोळे मिटून एकाग्र होतो मी,” तो म्हणाला. “आणि समजा माझी चूक निघाली. चुकांचा विमा काढलाय मी. मला काय पडलंय चोरीचं? दुसरी प्रत मागव की.”

“मागवलीय.”

“मग झालं तर! आणि त्या जागी गाणं ठेवलं होतं म्हणतेस? दंबुरा? अगं, मला तर बॅगपाइपही सोसत नाही.” त्यानं मशीन बंद केलं आणि जरा गंभीर होऊन म्हणाला, “पण एक सांगू? ज्यानं घेतली त्याला आपला धंदा ठाऊक नाही. मूळ प्रत ट्रिब्युनलकडेच असते.”

मर्झिया गाडीत येऊन बसली. बहरामनंही हेच सांगितलं होतं. धंद्यातल्या माणसाला ही चोरी करून काही मिळणार नव्हतं. म्हणजे उरला एवज. नाहीतर कंबर, पण स्वतःचा गळा स्वतः कोण कापतं?

४

कंबर एका नव्या घराच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून टाइल बसवत होता. मर्झियाला बघून तो उठू लागला. तिनं हातानं बसा म्हटलं.

“सीडी गेली, कंबरभाई. एवजनं सांगितलं असेल.”

“सांगितलं.” त्यानं टाइलवर रबरी हातोडी हलकेच ठोकली. “राहू द्या, खानम वकील. नशिबात नाही. तुम्ही पुष्कळ केलंत.”

“राहू द्या? क्वेट्यात तुमची बायको, दोन मुली भाड्याच्या खोलीत बसून तुमची वाट बघतायत. आणि तुम्ही म्हणता राहू द्या?”

तो टाइलकडेच बघत राहिला. खांदे सैल पडलेले. मर्झियानं हरलेली माणसं खूप पाहिली होती. ती भांडतात, रडतात, तिच्यावर ओरडतात. हा माणूस जड गाठोडं खाली ठेवल्यासारखा दिसत होता.

“खानम,” तो हळूच म्हणाला, “दुसरी नसते ना तशी?”

“बघते,” एवढंच म्हणून मर्झिया बाहेर पडली. का कोण जाणे, खरं सांगायला तिची जीभ वळली नाही.

जेवण झालं नव्हतं म्हणून ती कचेरीखालच्या बेकरीत शिरली. तंदूरसमोर बेकरीवाला घामाघूम होऊन नान काढत होता. कोपऱ्यात पिठाच्या पोत्यावर त्याची मुलगी बसली होती, जेमतेम शाळेत जाऊ लागलेली. तिच्या हातातलं तुतीचं पुडकं फुटलं आणि सुकी तुती जमिनीवर सांडली.

“आता!” मुलगी ओरडली. “आता! ओ आता!”

मर्झियानं मागे वळून पाहिलं. दुकानात त्या तिघांशिवाय कुणी नव्हतं.

“आलो, आलो, बापाचा जीव घे तू,” बेकरीवाला हात पुसत आला. मर्झियाचा चेहरा बघून म्हणाला, “काय झालं, खानम वकील? भूत बघितलं काय?”

“ही तुला काय म्हणाली?”

“काय म्हणाली म्हणजे? आता म्हणाली. आम्ही डोंगरातले लोक बापाला आता म्हणतो. तुम्ही मशहदवाल्या, तुम्ही बाबा म्हणत असाल.” तो हसला. “लाजू नका, शिकाल हळूहळू.”

नान तसाच हातात धरून मर्झिया उभी राहिली. त्या दुपारी एवज तिच्या टेबलासमोर म्हणाला होता, लाला आतांबद्दल काय बोलला ते ऐकू दे. तिनं ते ऐकलं होतं आणि पुढे बोलत राहिली होती. कान असून बहिरी, असं ती स्वतःला म्हणाली, आणि गाडीकडे धावली.

५

न्हाणीघर निम्मं झालं होतं. मर्झिया दारातच उलट्या बादलीवर बसली.

“कंबरभाई, सीडी तुम्ही घेतलीत.”

हातोडी थांबली.

“ज्यानं घेतली त्यानं इंग्रजी मजकूर तिथंच ठेवला. एकाच खणात होते दोन्ही. म्हणजे त्याला कागदाची भीती नव्हती, आवाजाची होती. हजारगीतला तो आवाज ऐकलेली माणसं चारच, जी सुनावणीच्या खोलीत होती. ट्रिब्युनलच्या मॅडम, बहराम, कॉलिन आणि तुम्ही. त्यांतल्या तिघांना ठाऊक आहे की दुसरी प्रत मागितली की मिळते. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही मघाशी विचारलंत मला.”

“गाडी एवजची आहे,” कंबर म्हणाला. आवाज खोल गेला होता.

“हो, म्हणून मला आधी त्याचाच संशय आला. पण तो तर दारातून ओरडला, माझं गाणं आहे म्हणून. चोर असं ओरडतो होय? आणि तो त्या खोलीत नव्हता. त्याला ऐकायचं होतं, आणि तुम्हाला त्यालाच ऐकू द्यायचं नव्हतं. गोळी आणायला म्हणून तुम्ही गाडीत गेलात.” मर्झियानं श्वास घेतला. “आता म्हणजे बाप. मला आज कळलं. माझी लाज वाटते मला.”

कंबरनं हातातली हातोडी खाली ठेवली. मग एकदम बोलायला लागला, टाइलकडे बघत.

“आता पुढे बसले होते, ड्रायव्हरशेजारी. मी मागे. त्यांनी गाडी थांबवली आणि आतांना उतरवलं. मग बंदूकवाला खिडकीशी आला. मला म्हणाला, हा म्हातारा तुझा कोण? मी म्हटलं, एक म्हातारा. माझा कुणी नाही. मी ओळखत नाही. आतांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. ड्रायव्हरला म्हणाले, हाक. आणि गाडी पुढे गेली.”

“हे तुम्ही ट्रिब्युनलला सांगितलंत.”

“पहिल्यांदा. जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, आतांना उतरवलं. मग तो इराणी मला विचारतो, आता कोण? मला वाटलं, पुन्हा तोच खिडकीत उभा आहे. मी म्हटलं, त्यांनीपण हेच विचारलं, आणि मी त्यांना म्हटलं, एक म्हातारा, माझा कुणी नाही...”

‘त्यांनीपण हेच विचारलं, मी त्यांना म्हटलं.’ बहरामनं ‘पुटपुटला’ म्हणून सोडून दिलेलं वाक्य हे होतं. या एका वाक्यावर निकाल उलटणार होता.

“हीच चूक कोर्टाला दाखवायची, कंबरभाई! आपण जिंकू शकतो!”

“एवजला मी सांगितलंय की मी त्या गाडीत नव्हतो. दरवर्षी तो आतांच्या नावानं हलवा वाटतो. पहिला घास मला देतो.” कंबरनं तळहातानं डोळे पुसले, गालावर पांढरं सिमेंट लागलं. “परत पाठवलं तर मरेन, एवढंच ना? त्याच्यासमोर हे वाचलं गेलं तर मला जगावं लागेल.”

“सीडी कुठंय?”

जेवणाच्या फडक्यात गुंडाळलेली सीडी त्यानं डब्याखालून काढली. “टाइल कापायच्या मशीनखाली धरली होती. नाही जमलं. खरं फक्त ह्याच्यात बोललोय मी.”

मर्झियानं ती घेतली नाही. “तुम्ही नको म्हणालात तर मी ही वापरणार नाही. सोमवारची प्रतही नाही. वकील आहे मी तुमची, मालकीण नाही. पण एक सांगा. क्वेट्याहून फोन आला की तुमच्या मुली तुम्हाला काय हाक मारतात?”

कंबरनं तोंडावर हात दाबला.

“कोर्टात दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी एवजला तुमच्या तोंडून कळू दे,” मर्झिया म्हणाली. “मग काय ते ठरवा.”

६

रविवारी बेकरीसमोर एवजची गाडी उभी होती. दोघे भाऊ पुढे बसलेले, काचा बंद. मर्झिया बेकरीच्या दारातून बघत होती आणि चहा थंड होत होता. कंबरचे ओठ हलत होते. एवज समोर बघत होता. मग दार धाडकन आपटलं, एवज बाहेर आला आणि कुणाकडे न बघता रस्ता धरून चालू लागला. कंबर तसाच बसून राहिला.

संपलं, असं मर्झियाला वाटलं. तिनंच हे घडवून आणलं होतं. ती रडायच्या बेतात होती, तेवढ्यात एवज वळला, परत आला आणि गाडीच्या खिडकीवर त्यानं थाप मारली. कंबरनं काच खाली केली.

“मला पाठवलं ना इकडे,” एवजचा आवाज चिरकत होता, “तेव्हा आतांनी मला मागे बसवलं. स्वतः पुढे बसले. म्हणाले, वाटेत कुणी विचारलं तर मी तुझा कुणी नाही. घोकून घेतलं माझ्याकडून. एक म्हातारा, माझा कुणी नाही, ओळखत नाही. मी रडायला लागलो तर कानफटात दिली.” तो थांबला. “लाला, तुला नव्हतं शिकवलं?”

“शिकवलं होतं.”

“मग?”

“त्यांनी शिकवलं म्हणून म्हटलं, का घाबरलो म्हणून म्हटलं, ते मला अजून कळत नाही, एवज.”

एवज वळसा घालून आपल्या बाजूच्या दाराशी आला. गाडीत बसला, गाडी चालू केली, आणि दोघे गेले. सोमवारी सकाळी मर्झियाच्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेली सीडी होती. कोण ठेवून गेलं ते तिनं विचारलं नाही.

बुधवारी कोर्टात कंबर मर्झियाच्या मागे बसला होता, उसना कोट घालून, शेजारी हजारगीच्या दुभाषी बाई. एवज आला नव्हता. हजारगीच्या जाणकार बाईंचं शपथपत्र वाचलं गेलं, गळलेल्या वाक्यासकट. ट्रिब्युनलचा निकाल दुपारी रद्द झाला आणि कंबरला पुन्हा पहिल्यापासून सांगायची संधी मिळाली, हे आधीच सांगून टाकायला हरकत नाही. पण सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी वकील उठले आणि थंडपणे म्हणाले, “फार तर एका नावाचा घोळ झाला. एवढ्यानं काही फरक पडला नसता.”

मागे दार वाजलं. एवज वडिलांचा पागोटं बांधलेला तो फोटो छातीशी धरून शेवटच्या बाकावर येऊन बसला. कंबरनं मान वळवून पाहिलं.

जजनी चष्मा काढला. “घोळ नावाचा की नात्याचा, हे मला नीट कळू द्या. हा आता कोण?”

उत्तर मर्झियानं द्यायचं होतं. अर्जदारानं अशा वेळी बोलायचं नसतं, हे तिनं कंबरला दोनदा बजावलं होतं. ती उठली, पण तिच्या आधी मागची खुर्ची सरकली होती.

“आता म्हणजे बाप,” कंबर अली उभा राहून म्हणाला, हजारगीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. तो माझा बाप होता. मी ओळखतो त्याला.”

मग त्याच्या शेजारी बसलेल्या दुभाषी बाईंनी घसा साफ केला आणि त्याचं इंग्रजी केलं. या वेळी एकही शब्द गळला नाही.